वरच्या थरातलं संत्रं

“देखणं गाड्याला, डागी घराला.”

देठमामा हे वाक्य दिवसातून दोनदा म्हणत. सकाळी गाडा लावून झाला की एकदा, आणि दिवेलागणीला गाडा रिकामा करताना एकदा. बेचाळीस वर्षांत त्यात खंड पडला नाही. ताप असो, थंडी असो, लेकीचं लग्न असो, गाडा लागला की वाक्य आलंच. सकाळी त्यात तोरा असे. संध्याकाळी मात्र ते एखाद्याने दार लावून घ्यावं तसं यायचं, आणि त्या दाराच्या आतल्या बाजूला मामी असायची.

खरं नाव त्यांना होतं, पण ते वापराविना गंजून गेलं होतं. फळ हातात आलं की ते आधी देठ बघत. “रंगाला लाली लावता येते, देठाला खोटं बोलता येत नाही,” असं सांगत. त्यावरून अख्खा रस्ता त्यांना देठमामा म्हणू लागला आणि त्यांची बायको आपोआप सगळ्यांची मामी झाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दवाखान्याच्या फाटकासमोर रस्ता जरा रुंद होतो आणि भिंतीची सावली पडते, तिथे मामांचा गाडा उभा राही. उन्हाळ्यात ती सावली दीड हात सरकते. गाडाही तिच्याबरोबर दीड हात सरकायचा. सकाळी ठोक बाजारातून माल आणायचा, एकेक फळ मऊ फडक्याने पुसायचं, उजेडाकडे धरायचं आणि मग त्याचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचं. फळाला तोंड असतं हे मामांनी सांगेपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या अंगाला ऊन लागलं ते तोंड. खाली भरीचा माल, मध्ये बरा माल आणि सगळ्यात वर वीस-पंचवीस निवडक फळं, ज्यांच्याकडे बघून चालत्या माणसाचे पाय थबकावेत. तो वरचा थर. त्याला हात लावायची मुभा गिऱ्हाइकालाही नव्हती. मामा स्वतः उचलून देत, दोन्ही हातांनी, बापाने तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात द्यावं तसं.

आणि फळाबरोबर ज्ञान फुकट.

“साठी उलटली ना तुमची? मग ऐका. साठीनंतर पोट रुसतं, गुडघे रुसतात आणि घरातली माणसं तर आधीच रुसलेली असतात. माणसांचं मला माहीत नाही. बाकी दोघांना रोज एक ताजं फळ द्या. पेरू खा, पपई खा, संत्रं खा. पण रोज. आज खाल्लं आणि परवा विसरलात तर फळही तुम्हाला विसरतं.”

लोक हसत आणि घेऊन जात. एक निवृत्त मास्तर होते, त्र्याऐंशी वर्षांचे, काठीशिवाय चालत. मामा त्यांच्याकडे बोट दाखवत, “हे बघा माझं प्रमाणपत्र. सोळा वर्षं रोज माझा पेरू. बारीक किसून का होईना, पण रोज.” मास्तर मान ताठ करून पुढे जात. खोटं त्यात काही नव्हतं. मामा जे सांगत त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि मामीला आयुष्यभर सलला तो हाच खरेपणा. खोटारड्या माणसाशी भांडता तरी येतं.

मामा कंजूष होते असंही नाही. दवाखान्याच्या पायरीवर कुणी डोळे पुसत बसलेलं दिसलं की ते दोन संत्री घेऊन जात आणि त्याच्या मांडीवर ठेवून परत येत. पैसे विचारत नसत. ओळख ना पाळख. पायरीवरच्या परक्या बाईला वरच्या थरातलं फळ मिळे. मामीच्या हातात ते बेचाळीस वर्षांत आलं नव्हतं.

मामीच्या हातात यायचं ते टोपलं.

दोन खोल्यांचं घर, मागच्या गल्लीत, लाकडी जिन्याने वर. संध्याकाळी मामा टोपलं ओट्यावर ठेवत. त्यात दाबली गेलेली, चिरलेली, माशी बसलेली, एका अंगाने काळी पडलेली फळं. मामी बुटकी सुरी घेऊन बसे. काळं काढायचं, मऊ काढायचं, उरेल ते पातेल्यात. वर साखर. मग मंद आचेवर तीन तास, कधी चार. ढवळत राहायचं, नाहीतर खाली लागतं. जे निघे ते तपकिरी, घट्ट, गोडमिट्ट. ते बरण्यांत भरायचं आणि आठवडाभर पावाला लावून खायचं. त्या वासाने भिंती माखल्या होत्या, उशा माखल्या होत्या. लेक लहानपणी शाळेतून रडत आली होती, की मुली म्हणतात तुझ्या अंगाला जळक्या साखरेचा वास येतो.

त्या लेकीने सहा वर्षांची असताना एकदाच गाड्यावरचं लाल सफरचंद उचलून चावा घेतला होता. मामांनी मारलं नाही. ओरडलेही नाहीत. तिच्या हातातून फळ काढून घेतलं, चावलेला भाग सुरीने नेमका कापला, तिला दिला, आणि उरलेल्याच्या फोडी करून गिऱ्हाइकांना चाखायला वाटल्या. लेक बघत उभी राहिली. आता ती दोन मुलांची आई आहे, लांब राहते, आणि सफरचंद तोंडात घालत नाही.

मामी गप्प का राहिली? तर तिला एक गोष्ट ठाऊक होती. मामा तरुणपणी ठोक बाजारात ओझी वाहत. दुपारी सुट्टी झाली की व्यापारी हमालांना ओळीत उभं करी आणि एकेकाच्या तोंडाचा वास घेई. फळाचा वास आला की दिवसाची मजुरी गेली. अठरा वर्षांच्या पोराने पाठीवर द्राक्षांची पेटी घेऊन दहा वर्षं श्वास सांभाळून काढली. स्वतःचा गाडा झाला त्या दिवशी मामांनी पहिलं वाक्य म्हटलं ते हेच, देखणं गाड्याला. व्यापारी मेला, बाजाराची जागा बदलली, पण वास घेणारं ते नाक मामांच्या घरात येऊन राहिलं. मामीने ते पाहिलं आणि तिला दया आली. दयेपोटी माणूस फार वर्षं फुकट घालवतं.

सदुसष्टाव्या वर्षी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दात तसेही चारच उरले होते, त्यांच्याभोवती हिरड्या जांभळ्या होऊन फुगल्या. मग पिंढऱ्यांवर निळे डाग उमटले, कुठे आपटलं नसताना. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसावं लागे. आणि एके सकाळी तिने पाहिलं तर मनगटावरची जुनी खूण, वीस वर्षांपूर्वी सुरी लागली होती ती, लाल होऊन ओलसर झाली होती.

समोरच्या घरात एक शिवणवाली राहायची. मामी तिला काजं करून द्यायची, बटणं लावून द्यायची. पिंढरीवरचे डाग तिनेच पाहिले. मशीन थांबवलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, “मामी, खरं सांगा. मामा हात उचलतात का?”

“कुणावर?”

“तुमच्यावर, आणखी कुणावर?”

मामीला हसू आलं. हसताना ओठावर रक्त आलं. “अगं, त्यांनी हात उचलायला मी गाड्यावरचं फळ आहे का?”

“मग दवाखान्यात दाखवा. गल्लीच्या तोंडाशीच तर आहे. इथून थुंकलं तर तिथे पडेल.”

दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली होती, तरुण, भराभर बोलणारी, मामांकडून रोज संध्याकाळी एक संत्रं घेऊन घरी जाणारी. मामा फडकं खांद्यावर टाकून मामीबरोबर आत गेले. ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे जायचं म्हणून त्यांनी केसही विंचरले होते. बाईंनी हिरड्या बघितल्या, पाय बघितले, मनगट उलटंसुलटं केलं. रक्त तपासायला दिलं. चार दिवसांनी परत बोलावलं आणि समोर कागद ठेवून विचारलं, “मामी, तुम्ही खाता काय?”

“फळवाल्याच्या घरात काय खाणार? फळं.”

“रोज?”

“रोज. बेचाळीस वर्षं.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग मामीकडे. “कशी खाता?”

उत्तर मामांनी दिलं, आणि कौतुकाने दिलं. “आमच्याकडे वाया काही जात नाही. डाग काढायचा, फोडी करायच्या, साखर घालून मंद आचेवर तीन तास.”

“तीन तास!”

“कधी चार. टिकायला हवं ना आठवडाभर.”

“आणि भाज्या वगैरे?”

“दात कुठे आहेत बाई?” मामी म्हणाली. “पाव, चहा आणि ते.”

डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मोकळं, पोरीसारखं हसल्या. मग मामीच्या ओठाकडे लक्ष गेलं आणि ते हसू तिथेच आटलं.

“मामी, हा आजार पूर्वी जहाजावरच्या खलाशांना व्हायचा. महिनोन्महिने समुद्रावर, ताजं काही पोटात जायचं नाही. मी पुस्तकात वाचलाय नुसता. आणि पहिल्यांदा बघतेय तो कुठे, तर फळवाल्याच्या बायकोत! अहो, तुम्ही फळ नाही खाल्लंत. फळात जे हवं असतं ते तुम्ही रोज चुलीवर मारलंत आणि उरलेली साखर खाल्लीत.”

रोज तीन तास ढवळून मामीचा उजवा खांदा निकामी झाला होता, तो तिने डाव्या हाताने धरला.

“गोळ्या देते,” बाई म्हणाल्या. “पण गोळ्या पंधरा दिवसांच्या. फळ कायमचं. रोज एक संत्रं, नाहीतर एक पेरू किसून. ताजं, न शिजवता. आणि नुसत्या हिरड्यांसाठी नाही हं. या वयात पोट साफ राहतं, जखमा भरतात, रक्तदाबाला बरं, पायांत जोर राहतो.”

“मी तेच तर सांगतो लोकांना!” मामा उत्साहाने पुढे सरकले.

“हो मामा. तुमच्याकडूनच ऐकलंय मी ते.” बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हीही खा. एकाच भांड्यातलं जेवता ना दोघं?”

“मला काय धाड भरलीय?”

संध्याकाळपर्यंत बातमी रस्ताभर झाली. शिवणवाली मशीनवरून ओरडली, “मामी, पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. तुमच्याकडे विकतं तिथं खात नाहीत!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी गाडा लावला, एक संत्रं निवडलं आणि जिना चढून वर आले. ताटलीत ठेवलं. तोंड मामीकडे करून ठेवलं. मामीने ते हातात घेतलं. जड होतं. डागी फळ कसं हलकं, पोकळ लागतं. याला वजन होतं, थंडपणा होता. तिने नखाने साल फोडली आणि त्या वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साल तिखट असते, तिच्या उडालेल्या थेंबाने आलं असेल. पहिली फोड जिभेवर फुटली. हिरड्या चरचरल्या. गोड होती, पण नुसती गोड नव्हती. तिच्या बरणीतल्या गोडाला कधी धार नव्हती. ती एकेक फोड चोखत गेली आणि चोथा ताटलीच्या कडेला ठेवत गेली.

मामा समोर उभे राहून बघत होते. एखाद्याच्या डोळ्यांदेखत त्याचं घर कुणी उचलून न्यावं, तसे.

“गोड आहे?”

“आहे.”

“असणारच. वरच्या थरातलं आहे.” मग थांबून म्हणाले, “त्या फाटकावरच्या नर्सबाईंसाठी ठेवलं होतं.”

दुसऱ्या दिवशीचं संत्रं जरा लहान होतं. चौथ्या दिवशीचं मधल्या थरातलं. सहाव्या दिवशी एका अंगाने मऊ. “एवढं काढून टाक की, आतला गर तोच.” नवव्या दिवशी संत्रं आलं नाही, टोपलं आलं.

“अहो, बाईंनी ताजं सांगितलंय.”

“हे काय शिळं आहे? आजच्याच गाड्यावरचं. आणि शिजवू नकोस, झालं. कच्चंच खा.”

त्यातल्या एका पेरूत अळी होती. मामीने सुरी खाली ठेवली आणि तो पेरू खिडकीत ठेवून दिला, अळीला हवं तर खाऊ दे म्हणून.

पण गोळ्यांनी काम केलं होतं. पंधरा दिवसांत हिरड्या फिकट झाल्या, डाग पिवळे पडत गेले. मामांच्या ते लक्षात आलं आणि त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यांनी गाड्याशेजारी स्टूल ठेवलं.

“चल ना खाली. हवा लागेल तुला. घरात बसून काय करतेस?”

मामी खुशीत उतरली. किती वर्षांनी कुणीतरी ‘चल’ म्हटलं होतं. स्टुलावर बसली. मामांनी वरच्या थरातलं संत्रं सोलून तिच्या हातात दिलं आणि रस्त्याकडे वळून आवाज चढवला.

“बघा, बघा! ही माझी बायको. महिन्यापूर्वी हिला जिना चढवत नव्हता. हिरड्यांतून रक्ताची धार! डॉक्टर म्हणाल्या, फळ. रोज एक फळ. आणि आता बघा. दाखव गं हिरड्या.”

मामीने तोंड मिटलं.

“अगं, दाखव की. लाजते ती. हिला विचारा, मी खोटं बोलतो का?”

एक बाई वाकून म्हणाली, “खरंच का हो आजी? संत्र्याने बरं वाटलं?”

“वाटलं,” मामी म्हणाली. खोटं कसं बोलणार?

त्या दिवशी दुपारपर्यंत संत्री संपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल. मामांनी ओळखलं होतं की खाणारं तोंड बघून खाणारी तोंडं थांबतात. दहा दिवस मामी स्टुलावर बसून चारचौघांत उत्तम संत्रं खात होती. शिवणवाली येताजाता बघत होती. मामीला ते कळत होतं, पण संत्रं खाली ठेवायचं बळ तिच्यात नव्हतं. शरीर बेशरम असतं. त्याला हवं ते मिळालं की ते मान विकतं.

अकराव्या दिवशी ती तयार होऊन जिन्यापाशी आली तर मामा म्हणाले, “आज नको. लोकांना कळलंय आता. स्टुलामुळे वाट अडते.”

“आणि संत्रं?”

“आता बरी झालीस की.”

ते असं साधं म्हणाले. पाऊस थांबला की छत्री मिटावी, इतकं साधं.

मामी वर गेली. संध्याकाळी टोपलं आलं. तिने सुरी घेतली. पातेलं चढवलं नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचेना. पुन्हा पाव आणि चहा, आणि कधी डाग काढून उरलेली एखादी फोड. दोन अडीच महिन्यांनी सकाळी चूळ भरली तेव्हा पाणी लाल झालं.

तिने चूळ ओतली. भांडं धुतलं. कुणाला सांगितलं नाही. मग फळीवरची डबी काढली. तीत काजं-बटणांचे पैसे होते, तिचे स्वतःचे. त्यातलं एक नाणं मुठीत घेतलं आणि जिना उतरली. एकेक पायरी. तिसरीवर बसली नाही.

सकाळच्या वेळी गाड्यापाशी गर्दी असते. मास्तर होते, त्यांच्यामागे फाटकावरची नर्सबाई, आणखी दोघं. मामी मागे उभी राहिली. मास्तरांनी पेरू घेतला, नर्सबाईंनी दोन संत्री. मामा खाली बघून फळं पुसत होते. मामीची पाळी आली.

“बोला,” ते वर न बघता म्हणाले.

“एक संत्रं द्या. वरच्या थरातलं.”

मामांनी मान वर केली. “अगं, तू? वर आहे की टोपलं.”

“वर घरचं आहे. मला गिऱ्हाइकाचं हवंय.” तिने मूठ उघडली.

मास्तर चार पावलं गेले होते, ते थांबले. नर्सबाईंनी पिशवीचं तोंड उगाच पुन्हा बांधायला घेतलं. मामी नाण्याकडे बघत नव्हती. ती मामांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता ते म्हणतील. चिडून का होईना, म्हणतील, ठेव ते पैसे, वेडी आहेस का? एवढ्याचसाठी ती जिना उतरली होती. संत्रं तिला कुठेही मिळालं असतं. पुढच्या चौकात दुसरा गाडा होता.

मामांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग बेचाळीस वर्षांची सवय वर आली, दुधावर साय यावी तशी, आणि खालचं सगळं झाकून गेली. त्यांनी वरच्या थरातली तीन संत्री उचलून बघितली. तिन्हीचे देठ बघितले. एक निवडलं, फडक्याने पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

“घ्या बाई. मधासारखं आहे.”

मामीने ते घेतलं. मामांनी तळहात पसरला. तिने नाणं ठेवलं.

“सुटे दिलेत, बरं झालं,” मामा म्हणाले आणि मागच्या माणसाकडे वळले. “बोला साहेब.”

त्या दिवसापासून ती रोज येत असे. रांगेत उभी राही, नाणं देई, संत्रं घेई. मामा तिला ‘बाई’ म्हणत, फळ नीट निवडून देत, कधी फसवत नसत. घरी आले की पुन्हा ‘अगं’. बोलणं तेवढंच, पाणी दे, दार लाव. हिरड्या परत भरून आल्या. जिना ती एका दमात चढू लागली. शिवणवाली म्हणाली, “मामी, रंग उजळला तुमचा.” मामी म्हणाली, “हो. विकतचा आहे.”

थंडी सरता सरता तिला एक गोष्ट दिसली. मामा पायमोजे काढत होते आणि त्यांच्या पिंढरीवर निळे डाग होते. सकाळी ते चूळ भरताना तिच्याकडे पाठ करून उभे राहत आणि भांडं स्वतःच धूत. बेचाळीस वर्षांत त्यांनी भांडं धुतलं नव्हतं. फळीवर मागे साठलेल्या बरण्यांतली शेवटची संपत आली होती, ती ते खरवडून पावाला लावत.

“बाईंना दाखवा,” ती म्हणाली.

“कशाला? लोक बघतील मला आत जाताना. फळवालाच आजारी म्हटल्यावर फळ कोण घेईल?”

त्या दिवशी गाड्यापाशी तिने दोन नाणी पुढे केली.

“आज दोन?” मामा म्हणाले. “पाहुणे आलेत वाटतं.”

“आलेत.”

एक तिने खाल्लं. दुसरं रात्रभर ताटलीत ठेवलं. सकाळी मामा खाली उतरले, जिन्याखालच्या अंगणात उभ्या गाड्याचं कापड काढलं, आदल्या दिवशीचा उरलेला चांगला माल मांडायला घेतला. पहाटे बाजारातून आणलेल्या पेट्या शेजारी होत्या. उजवा पाय ते जरा ओढत होते. मामी जिना उतरून आली आणि संत्रं त्यांच्यासमोर धरलं.

“खा.”

मामांनी फळाकडे पाहिलं. “हे कालचं. डावीकडच्या ओळीतलं, कोपऱ्याचं.”

“तेच. खा.”

“विकलेल्या फळाला मी हात लावत नाही. ते गिऱ्हाइकाचं.”

“मी तुमची बायको आहे.”

“गाड्यापाशी नाहीस,” मामा म्हणाले. “तूच ठरवलंस ना ते? चार लोकांसमोर नाणं काढलंस. मी काढायला सांगितलं नव्हतं.”

तेही खरंच होतं. मामीने हात तसाच पुढे ठेवला. “तुमच्या हिरड्यांतून रक्त येतंय. मला ठाऊक आहे. माझंही तोंड गेलंय त्यातून. अहो, एक फोड. मी सोलून देते. इथे कुणी नाही. कुणी वास घेणार नाही तुमच्या तोंडाचा.”

मामांचा हात फडक्यावर थांबला. ते शब्द त्यांना लागले होते, आणि खोल लागले होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. अंगण रिकामं होतं. मग त्यांनी हात पुढे केला आणि संत्रं घेतलं.

त्यांनी ते उजेडाकडे धरलं. फिरवलं. देठ बघितला. अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं. चेहऱ्यावर जुनं कौतुक पसरलं, लेकीकडे बघताना कधी न दिसलेलं.

“एक रात्र गेली, पण उतरलं नाही गं,” ते हळूच म्हणाले. “असं फळ पोटात घालून काय करायचं?”

त्यांनी ते पुसलं आणि उतरंडीच्या अगदी टोकावर ठेवलं, तोंड रस्त्याकडे करून. खिशात हात घातला, एक नाणं काढलं आणि मामीच्या उघड्या तळहातावर ठेवलं.

“फळ पसंत पडलं नाही तर मी परत घेतो. सगळ्यांचं घेतो.”

मग त्यांनी गाड्याचा दांडा धरला आणि जोर लावला. पहिल्या झटक्याला गाडा हलला नाही, दुसऱ्याला हलला. पाय ओढत, पाठ वाकवत ते अंगणाच्या दारातून गल्लीत गेले. समोर शिवणवाली दारात बटणांची डबी घेऊन उभी होती.

“मामी, अहो थांबवा ना त्यांना. केवढे लंगडतायत!”

अंगणाच्या दारात, नाणं तळहातावर घेऊन, मामी बघत राहिली. कोपऱ्यापाशी मामा थांबले, दांड्यावर ओणवे होऊन दम घेतला आणि बाजूला काहीतरी लाल थुंकले. मग फडक्याने तोंड पुसलं, फडकं उलटं करून त्याच्या स्वच्छ बाजूने वरच्या थरावरची धूळ झटकली, आणि वळणाआड दिसेनासे झाले.